दोन बोटं डावीकडे

सोमवार, ३

व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय म्हणून लिहितोय. चक्कर कधी आली, तेव्हा मी काय करत होतो, व्यायाम किती वेळा केला, एवढं रोज टिपून ठेवायचं. त्यांना दाखवायची पानं मी वहीच्या मागच्या बाजूला केली आहेत, नुसत्या खुणा. ही पुढची पानं माझी. इथे कुणी डोकावायचं नाही.

मी गवंडी. अडतीस वर्षं झाली. ठेकेदार नवीन माणसाला माझी ओळख करून देतात तेव्हा एवढंच म्हणतात, ‘ह्यांनी बघितलं म्हणजे झालं.’ भिंत ओळंब्यात आहे की नाही हे सांगायला मला ओळंबा लागत नाही. वडिलांनी मला नजर दिली आणि धाकट्या भावाला ओळंबा. पितळी आहे, चांगला आहे, बिचाऱ्याला लागतो. मी जवळ गेलो की हा लगेच खिशातून काढून दोरा सोडतो. धाक आहे माझा.

तीन आठवड्यांपूर्वी सर्दी झाली. सर्दीच ती, तिचं काय कौतुक. पण चौथ्या दिवशी सकाळी उठून बसलो तर खोली फिरायला लागली. छत, खिडकी, कपाट, सगळं एका बाजूला पळत होतं. तीन दिवस पलंगाची कड धरून पडलो होतो आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. मी म्हटलं पित्त आहे. बायको म्हणाली, ‘‘पित्तानं घर फिरत नाही, उठा, डॉक्टरकडे चला.’’ कानाच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारली, मान हिसडली आणि सांगितलं, डाव्या कानाची तोल सांभाळणारी नस सुजली आहे, त्याच सर्दीच्या विषाणूमुळे. गोळ्या चारच दिवस. आता फिजिओथेरपी करा.

कानाला व्यायाम! मी ह्यांची फी भरतो आणि हे माझी चेष्टा करतात.

आज गेलो. एक मोठी खोली, त्यात रंगीत रबरी चेंडू, भिंतभर आरसा, जमिनीवर चिकटपट्टीची लांब रेघ आणि त्या रेघेवरून एक धडधाकट गृहस्थ टाचेला अंगठा लावून चालताहेत. बाई पोरगेलीच आहेत. माझी थापी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी असेल. शेजारच्या पलंगावर एका आजींची मान धरून त्यांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवत होत्या. आजींच्या कानातले खडे जागेवरून सुटलेत म्हणे, ते असं लोळवून परत जागेवर नेतात. मी विचारलं, माझे किती सुटलेत? तर म्हणतात, ‘‘काका, तुमचे खडे जागच्या जागी आहेत. चक्कर येण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाचे खडे, कुणाचा रक्तदाब, कुणाची मान. तुमची नस आहे.’’

आजी वीस मिनिटांत हसत उठून गेल्या. मला मात्र सहा ते आठ आठवडे. जन्मभर वाळू चाळली, खडे निवडले, आणि ज्या दुखण्यात खड्यांचा उपयोग झाला असता ते नेमकं मला नाही.

शेवटी बाईंनी एक प्लास्टिकची बादली आणली आणि माझ्या तोंडासमोर आडवी धरली. आत डोकं घालायचं. आजूबाजूचं काही दिसत नाही, फक्त बुडावर काढलेली एक काळी रेघ. बाई बादली फिरवणार, रेघ सरळ उभी झाली की मी ‘थांबा’ म्हणायचं.

रेघ उभी आहे का, हे मला विचारतात! सहा वेळा विचारलं. मी सहाही वेळा पट्कन सांगितलं. दर वेळी त्या बादलीच्या मागे बघून काहीतरी लिहीत होत्या आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हत्या. माझ्यासारखा अचूक माणूस त्यांच्याकडे कधी आला नसेल.

मंगळवार, ४

व्यायाम क्रमांक एक. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठं अक्षर लावायचं, त्यावर नजर ठेवायची आणि मान ‘नाही नाही’ अशी हलवायची. एक मिनिट. दिवसातून पाच वेळा. म्हणजे सासूबाईंसमोर बसल्यासारखं.

बायकोनं पुठ्ठ्यावर ‘अ’ काढून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला. वाकडा. मी बघितल्याबरोबर म्हटलं, अगं गवंड्याच्या घरात असा पुठ्ठा लावतात का? चक्क उजवीकडे कललाय. मी काढून नीट लावला. ती बघत राहिली. म्हणाली, ‘‘आता सरळ आहे?’’ मी म्हटलं, आता सरळ आहे. मग पोळ्या लाटायला गेली. बायकांना सरळ-वाकडं समजत नाही.

मान हलवली की ‘अ’ पाण्यात पडल्यासारखा हलतो. मळमळलं. विश्रांती घेऊन बरं वाटेल असं मला वाटतं, पण बाई म्हणतात, पडून राहिलात तर मेंदू शिकणार नाही. डावा कान कमी बोलतो, उजवा जास्त, मेंदूला आता दोघांचा नवा हिशेब शिकायचा आहे, आणि तो हलल्याशिवाय शिकत नाही. साठीला टेकल्यावर माझ्या मेंदूची शाळा.

गुरुवार, ६

आजपासून पुन्हा कामावर. बाईंना सांगितलेलं नाही. शिडी चढू नका म्हणाल्या होत्या, जमिनीवर उभं राहू नका असं म्हणाल्या नव्हत्या.

बंगल्याच्या फाटकाचे दोन विटांचे खांब उभे करायचे आहेत. मोकळी जागा, मागे नुसतं आभाळ. मी आजारी असताना धाकट्यानं डावा खांब एकट्यानं पुरा करून ठेवला होता. मी दुरूनच बघितला आणि माझ्या कपाळावर आठी पडली. उजवीकडे झुकलेला. चांगली दोन बोटं.

‘‘हे काय बांधलंयस?’’

‘‘काय झालं दादा?’’

‘‘वाकडा आहे.’’

त्यानं खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘‘ओळंबा लावून बघू या?’’

‘‘ओळंबा लागणाऱ्यानं लावावा. छातीपासून वर उतरव आणि दोन बोटं डावीकडे घे.’’

चार मजूर हातातलं काम थांबवून उभे होते. धाकटा छिन्नी घेऊन वर चढला. बावन्न वर्षांचा झाला, वाद घालायची अक्कल अजून आली नाही. खरं तर मला तेच आवडतं.

विटांच्या ढिगाऱ्याकडे जाताना दोनदा डावीकडे गेलो. बूट सैल झालेत.

सोमवार, १०

खांब परत उभा राहिला. ‘‘घेतला दोन बोटं डावीकडे, दादा.’’ मला अजून किंचित उजवीकडे वाटतो, पण त्याच्या कुवतीला ठीक आहे. राहू दे म्हटलं. ह्याला किती वेळा शिकवायचं?

दुसरा खांब मी स्वतः उभा करणार आहे. शेजारी शेजारी राहिले म्हणजे कळेल बघणाऱ्याला.

बाईंनी आज मला स्पंजच्या गादीवर डोळे मिटून उभं केलं. मी हात हवेत मारत होतो आणि बाई मागे उभ्या, पडलो तर झेलायला. झेलणार कशा, माझं निम्मं वजन नसेल. पडलो नाही पण पाच पायऱ्या घसरल्यासारखं झालं. ‘‘छान, काका.’’ ह्यांना सगळंच छान.

शनिवार, १५

काल आणि आज मिळून उजवा खांब पुरा केला. दोरा नाही, लेव्हल नाही, काही नाही. पाठीमागे सहा पावलं जायचं, बघायचं, वीट ठेवायची. चौथ्या थरात कोपरा उडालेली एक वीट आली, ती मी कोपरा आतल्या बाजूला करून बसवली. दर्जे, म्हणजे विटांमधल्या सिमेंटच्या रेघा, सगळे सळईनं दाबले, माझी पद्धत. मजुरांना बोलावून म्हटलं, बघून घ्या, असा असतो खांब.

त्यांच्यातला एक हसला. हसायला काय झालं? धाकटा त्याला काहीतरी बोलला, मग तो गप्प झाला.

धाकटा स्वतः खांबाकडे फार वेळ बघत होता. शिकत असेल, उशिरा का होईना.

रविवार, १६

सुट्टी. व्यायाम पाच वेळा. घरातल्या लांब बोळात मान डावी-उजवी करत चाललो. भिंतीला खांदा लागला नाही.

बायको म्हणाली, भावजी सकाळपासून घरी नाहीत, जाऊबाई वाट बघत बसली आहे. रविवारी कामाच्या कपड्यांत कुठे गेला असेल? मी सांगतो. दुसरा ठेकेदार शोधतोय. माझ्या हाताखाली राहून पोट भरल्यावर आता पंख फुटले.

सोमवार, १७

कामावर गेलो तर माझा खांब ओला. विटांमधला सिमेंटचा माल अजून हिरवट, पुरता न सुकलेला. सुट्टीच्या दिवशी कुणी पाणी मारलं कोण जाणे, आणि तेही टँकर उपडा केल्यासारखं. ओलाव्यामुळे दर्जे वेगळे दिसतात, थापीच्या कडेनं ओढल्यासारखे. तशी पद्धत धाकट्याची. सकाळचं ऊन समोरून येतं म्हणून असेल, खांबही मला जरासा उजवीकडे वाटला. डोळे चोळले.

ठेकेदार आले होते. दोन्ही खांब बघून म्हणाले, ‘‘वा. एका साच्यातून काढल्यासारखे.’’ मी म्हटलं, एका नाही, पण असू दे.

मग त्यांनी धाकट्याला बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारलं. तो म्हणाला, आणि हे मला स्पष्ट ऐकू आलं, कारण आजारी कान असला तरी मी बहिरा नाही, ‘‘दादांच्या नजरेचं काय विचारता? त्यांनी बघितलं म्हणजे झालं.’’

चमचेगिरी. समोर गोड आणि मागून दुसरीकडे अर्ज.

बुधवार, १९

आज जे झालं त्यानं माझं डोकं अजून तापलेलं आहे.

चहाला बसलो होतो. वळून बघतो तर हा माझ्या खांबाला ओळंबा लावून उभा. माझ्या! खांबाला! सगळ्या मजुरांदेखत.

मी कप तिथेच आपटला. ‘‘माझ्या कामाला दोरा लावायची हिंमत कशी झाली?’’

‘‘दादा, फाटकाच्या बिजागऱ्या बसवायच्या आहेत, म्हणून नुसतं…’’

‘‘अडतीस वर्षांत कुणी लावला नाही. वडिलांनी लावला नाही. तुझी लायकी आहे? उद्यापासून दुसरं काम बघ. तसंही बघतच आहेस.’’

मला वाटलं, नाही म्हणेल. पाया पडेल. त्यानं दोरा गुंडाळला, हळूहळू, बोटावर नीट वेढे देत, आणि खिशात ठेवला. म्हणाला, ‘‘महिनाअखेरीपर्यंत थांबतो. फाटक बसवून जातो.’’

एवढंच. ना राग, ना रडू. असल्या माणसाशी भांडायलासुद्धा मजा येत नाही.

बायकोला सांगितलं तर तिनं भांडी जोरात आपटली. ‘‘भावजींना काढलंत? तीस वर्षं तुमच्या मागं उभा असलेला माणूस?’’ मी म्हटलं, मागं उभं राहायला काय लागतं.

चक्कर एकदाही आली नाही. मागच्या पानावर खूण केली.

सोमवार, २४

आज घरात गंमत झाली. व्यायामाला उभा राहिलो आणि बघतो तर ‘अ’ वाकडा. डावीकडे कललेला, चांगला दिसण्याइतका. मी ओरडलो, ‘‘पुठ्ठा कुणी हलवला?’’

बायको हात पुसत आली. ‘‘कुणी नाही.’’

‘‘अगं, वाकडा आहे.’’

‘‘पहिल्यापासून तसाच आहे. तुम्ही स्वतः लावलात.’’

‘‘मी? मी असा लावीन?’’

‘‘मी सरळ लावला होता. तुम्ही काढून असा लावलात. मी विचारलंसुद्धा, आता सरळ आहे का म्हणून.’’

मी चिकटपट्टी बघितली. जुनीच. कडांना धूळ बसलेली. भिंतीवर तिनं आधी लावला होता तिथला चिकटपट्टीचा डागही दिसत होता. तो सरळ होता.

व्यायाम केला नाही. खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं विचारलं, फिरतंय का. मी म्हटलं, नाही, काही फिरत नाही. तीच तर अडचण आहे.

मंगळवार, २५

बाईंकडे. पुन्हा बादली. आज मी ‘थांबा’ म्हणायला वेळ लावला. सहा वेळा झाल्यावर म्हटलं, मागे काय बघता तुम्ही, मला दाखवा.

बाईंनी बादली उलटी केली. मागच्या बुडावर कोनमापक चिकटवलेला, मधोमध एक दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला.

ओळंबा. त्या पोरीनं बादलीला ओळंबा लावला होता, आणि मी तीन आठवडे तिला अडाणी समजत होतो.

‘‘पहिल्या दिवशी किती होतं?’’

त्यांनी कागद काढला. ‘‘चार अंश, डावीकडे. आज पाऊण अंश. फार छान प्रगती आहे, काका.’’

‘‘म्हणजे मी ज्याला सरळ म्हणत होतो…’’

‘‘ते डावीकडे झुकलेलं होतं. आणि जे खरंच सरळ असेल ते तुम्हाला उजवीकडे कललेलं दिसत असणार. त्या बाजूची नस गेली की उभं म्हणजे काय, हेच मेंदूला चुकीचं कळतं. घरात दारं-खिडक्या बघून डोळे बरंचसं सावरून घेतात. मोकळ्यावर तेवढं जमत नाही.’’ मग हसून म्हणाल्या, ‘‘तुम्हाला काही बिल्डिंग बांधायची नव्हती ना एवढ्यात?’’

पहिल्या दिवशी त्यांनी कागदावर माझा धंदा लिहायला विचारला होता. मी ‘आराम’ असं सांगितलं होतं. उगाच रुबाब दाखवायला.

तिथून थेट कामावर गेलो. जेवणाची सुट्टी होती, फाटकापाशी कुणी नव्हतं. उजव्या खांबाच्या आतल्या बाजूला वाकून चौथा थर बघितला. सगळ्या विटा धड. कोपरा उडालेली वीट सापडली, ती नवव्या थरात होती.

खालपासून वरपर्यंत थापीनं ओढलेले दर्जे. रविवारचा पूर्ण दिवस. दोन्ही खांब त्याचे, आणि डावा तर त्यानं दोनदा बांधला. पहिल्यांदा सरळ होता तेव्हा मी पाडायला लावला, दुसऱ्यांदाही तसाच सरळ बांधून मला ‘डावीकडे घेतला’ म्हणाला. माझा वाकडा खांब ठेकेदारांनी बघितला असता तर अडतीस वर्षं त्या एका दिवसात गेली असती. आणि मी त्याला, बिजागऱ्यांसाठी स्वतःच्याच खांबाला दोरा लावतोय म्हणून, सगळ्यांदेखत हाकललं.

मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती. हे लिहितानाही कान गरम झालेत, दोन्ही.

गुरुवार, २७

काल आणि आज बोलायचं ठरवलं आणि बोललो नाही. काल त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि विटा बऱ्या नाहीत असं काहीतरी म्हटलं. तो हो म्हणाला. आज तेवढंही नाही. उद्या त्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्यांच्या पाठीमागे मी काय काय बोलतो ते इथे पानंच्या पानं भरून लिहिलंय, आणि समोर दोन वाक्यं निघत नाहीत. एकट्यात सांगितलं तर सोपं जाईल. पण हाकललं होतं एकट्यात नाही.

शुक्रवार, २८

फाटक बसलं. एका बोटानं ढकललं तरी बंद होतं. ठेकेदार, सुतार, चारही मजूर उभे होते. धाकटा अवजारं गोळा करत होता.

मी म्हटलं, ‘‘ओळंबा दे.’’

त्याला वाटलं मी काही नवीन खुसपट काढतोय. मुकाट्यानं दिला. मी उजव्या खांबाला लावला. दोरा वर कडेपासून जेवढा सुटलेला, तेवढाच खाली. केसभर फरक नाही.

मग वळून ठेकेदारांना म्हटलं, ‘‘हा खांब माझा नाही. माझा वाकडा झाला होता. माझ्या कानाचं दुखणं नजरेत उतरलं होतं आणि मला कळलं नाही. ह्यानं सुट्टीच्या दिवशी पाडून पुन्हा बांधला, कुणाला सांगितलं नाही. आणि डावा मी उगाच पाडायला लावला. तो पहिल्यापासून सरळ होता.’’

पंधरा तारखेला हसलेला मजूर खाली बघत होता. धाकट्याचे कान लाल झाले.

‘‘दादा, काय बोलताय सगळ्यांसमोर.’’

‘‘किती वाकडा होता माझा?’’

‘‘फार नाही.’’

‘‘किती?’’

‘‘…तीन बोटं.’’

ठेकेदार हसले, मग मजूर हसले, मग मलाही हसू आलं. मी म्हटलं, ‘‘चुकलं माझं. जाऊ नकोस.’’

तो अवजारांची पिशवी बांधत राहिला. ‘‘शब्द दिलाय दादा तिकडे. जावं लागेल.’’

रागानं म्हणाला असता तर मी समजावलं असतं. सरळच म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला नाही म्हटलं. ओळंबा परत द्यायला हात पुढे केला.

‘‘राहू दे तुमच्याकडे. नजर पुरती बसेपर्यंत.’’

‘‘अरे, तुला नव्या जागी लागेल ना.’’

तो फाटकापर्यंत गेला होता. थांबला. ‘‘मला तो लागतोच असं नाही,’’ म्हणाला, आणि चालायला लागला.

मी तिथेच उभा होतो. रविवारी त्यानं खांब बांधला तेव्हा ओळंबा लावला होता का, हे मी त्या पंधरा तारखेला हसलेल्या मजुराला विचारलं. तो त्या रविवारी मदतीला होता म्हणाला. ‘‘नाही काढला खिशातून,’’ म्हणाला. ‘‘तुम्ही नसताना ते काढतच नाहीत.’’

घरी आलो. ओळंबा धरून ‘अ’ सरळ लावला. बायको दारातून बघत होती, तिनं ह्या वेळी काही विचारलं नाही. मान हलवली, एक मिनिट, अक्षर जागचं हललं नाही.

सोमवारी कामाला जाताना ओळंबा खिशात असेल. कुणी विचारलं तर सांगेन, धाकट्याचा आहे.